लडलोला राहायला जाताय? आधी बाजाराचा वार बघा

नमस्कार मंडळी. उन्हाळ्यात मुलांकडे इंग्लंडला जाणारे आईबाबा, आणि त्यांना कुठेतरी चार दिवस घेऊन जायचं म्हणून मोबाईलवर भाड्याची घरं बघत बसलेली त्यांची मुलं, या दोघांसाठी आजचं बोलणं आहे. गाव घेतलंय लडलो. श्रॉपशरमधलं, वेल्सच्या सीमेजवळचं जुनं बाजारपेठेचं गाव. टेकडीवर किल्ला, किल्ल्याच्या दारातच बाजाराचा चौक, खाली टीम नदी, आणि गावभर लाकडी चौकटींची जुनी घरं, ज्यातली बरीच सुट्टीला राहायला मिळतात.

माझं सांगणं एकच आहे. आधी बाजाराचा वार बघा, मग घर बघा. चौकातला बाजार सोमवार, बुधवार, शुक्रवार आणि शनिवारी भरतो. घरं बहुतेक शुक्रवारी नाहीतर शनिवारी बदलतात, किल्ली साधारण दुपारी चारला हातात येते आणि जायच्या दिवशी सकाळी दहाला घर सोडावं लागतं, म्हणजे येण्याजाण्याच्या दिवसाचा बाजार हिशोबात धरायचाच नाही. शुक्रवार ते शुक्रवार घर घेतलंत तर शनिवार, सोमवार, बुधवार असे तीन बाजार निवांत मिळतात.

आणि तीन बाजार का हवेत, तर आमच्या काकांची गोष्ट ऐका.

काकांचं बार्शीला किराणा दुकान होतं, आयुष्य तराजूपुढे गेलं. लडलोत घर मिळालं ते चौकाच्या अगदी मागच्या बोळात, त्यामुळे काका सकाळी चहा झाला की कुणालाही न विचारता एकटे बाहेर पडायचे. पहिल्याच दिवशी आम्ही सगळे सेंट लॉरेन्स चर्चमध्ये गेलो. तिथे गायकवृंदाच्या बाकांना 15व्या शतकातल्या घडीच्या लाकडी बैठका आहेत, मिझरिकॉर्ड म्हणतात त्यांना, प्रार्थना लांबली की उभ्याउभ्या जरा टेकायला म्हणून केलेल्या, आणि बैठक वर उचलली की खाली कोरीवकाम दिसतं. एका बैठकीखाली एक दारू विकणारी बाई आहे. माप कमी द्यायची म्हणून एका सैतानाने तिला खांद्यावर उलटी टाकलीय, तिच्या हातात ते खोटं माप तसंच आहे, दुसरा सैतान तिच्या पापांची यादी वाचतोय, तिसरा पिशवीबाजा म्हणजे बॅगपाइप वाजवतोय, आणि समोर नरकाचं तोंड आ वासून उघडं.

आम्ही बघून पुढे गेलो. काका मात्र तिथेच. गुडघे दुखत असताना बाकाचा हात धरून वाकले, पुतण्याला म्हणाले मोबाईलचा उजेड मार, आणि ते माप बोटाने दाखवत म्हणाले, "मापात पाप केलंय रे हिने." तिथे माहिती सांगणाऱ्या एक आजी होत्या, त्यांना काका आपल्या इंग्रजीत सांगायला लागले की आमच्याकडे वजनं पासिंगला न्यावी लागायची, लोखंडी वजनाच्या भोकात शिसं भरलेलं असतं, त्या शिशावर निरीक्षक शिक्का मारतो, शिक्का नसेल तर वजन जप्त. आजी खुर्ची घेऊन बसल्याच ऐकायला.

सोमवारी काका बाजारात. चीजवाल्याच्या गाड्यावर इलेक्ट्रॉनिक काटा होता, काका वाकून त्यावरचा शिक्का शोधायला लागले. आम्हाला वाटलं आता माणूस चिडणार. त्याने काटा फिरवून बाजूचं स्टिकर दाखवलं आणि विचारलं, तुम्ही या धंद्यातले का? मग काय, काका सुरू झाले. आणि ऐका, बुधवारी त्या माणसाने घरून आजोबांची लोखंडी वजनं आणली, पौंडातली, फडक्यात गुंडाळून, खास काकांना दाखवायला. उलटं केलं तर तळाला शिसं, आणि शिशावर मुकुटाचा शिक्का. काकांनी त्या शिक्क्यावरून अंगठा फिरवला आणि कितीतरी वेळ काही बोलले नाहीत. वरून पाऊस, छपराखाली हे दोघं, मागे गिऱ्हाईकांची रांग, आणि रांगेतली माणसंसुद्धा पुढे होऊन ते वजन हातात घेऊन बघतायत.

मंडळी, सोमवारची ओळख बुधवारी फळाला आली. सकाळी येऊन किल्ला बघून संध्याकाळी दुसऱ्या गावाला पळणाऱ्याला हे मिळत नाही. एका दिवसात चार गावं उरकायची ही जी पद्धत आपल्यात पडलीय ना, ती मला मनापासून चुकीची वाटते, वयस्कर माणसं गाडीत बसूनच दमतात.

आता घर. नकाशावर पाच मिनिटं दिसतं त्यावर जाऊ नका, ब्रॉड स्ट्रीट बघायला फार देखणी पण सरळ नदीकडे उतरते, आणि तिथल्या जुन्या वेशीच्या, म्हणजे ब्रॉड गेटच्या, खालच्या बाजूला घर घेतलंत तर प्रत्येक पिशवी चढ चढून नाहीतर उतार सांभाळून न्यायची. चौकाजवळ घ्या. परत सांगते, चौकाजवळ. जिने अरुंद आणि उभे असतात, तुळया डोक्याला लागतात, म्हणून मालकाला आधीच विचारा की खालच्या मजल्यावर झोपायची खोली आणि टॉयलेट आहे का, जिन्याला कठडा आहे का. सहाजणांचं घर लिहिलेलं असतं त्यात दोघांची सोय बऱ्याचदा सोफा-कम-बेडवर असते, तेही विचारा. गाडी असेल तर पार्किंग कुठे, हे बुकिंगच्या आधी. गाडी नसेल तरी अडत नाही, श्रूजबरी ते हेरेफर्ड लाइनवर लडलोचं स्टेशन आहे आणि तिथून चौकापर्यंत चालत जाता येतं. फोडणी घालताना खिडकी उघडी आणि स्वयंपाकघराचं दार बंद, नाहीतर स्मोक अलार्म बोंबलतो. अर्धी बॅग रेडी मिक्सच्या पाकिटांनी भरू नका हो, बाजारात बटाटे, फ्लॉवर, कोबी, ताजा पाव सगळं मिळतं, मसाल्याचा डबा तेवढा न्या.

किल्ला बघाच. आठव्या हेन्रीचा थोरला भाऊ आर्थर 1502 साली इथेच वारला, तो जगला असता तर हेन्री राजा झाला नसता. पण मला मुलांना दुसरीच गोष्ट सांगावीशी वाटते. 1811 साली हा पडका किल्ला विकत घेतला तो पोविसच्या अर्लने, म्हणजे आपल्या पुस्तकातल्या रॉबर्ट क्लाइव्हचा मुलगा एडवर्ड. 1799 साली श्रीरंगपट्टण पडलं तेव्हा हा मद्रासचा गव्हर्नर होता, आणि टिपूचा तंबू आजही वेल्समधल्या पोविस कॅसलच्या संग्रहात आहे. हे आपल्या नातवंडांना माहीत असलंच पाहिजे, आणि ते आजीआजोबांनीच सांगितलेलं बरं.

सप्टेंबरात किल्ल्यात खाद्यमहोत्सव असतो, त्या दिवसांत चौकाजवळची घरं लवकर जातात. तेव्हा जायचं असेल तर विमानाचं तिकीट काढायच्याही आधी घर बघून ठेवा.