दवाखाना फुकट नसतो

विषय दिलाय सरकारी दवाखान्याचा पैसा कोणी भरायचा, त्यावर येतोच, पण आधी नानांचं सांगू द्या, कारण मला हा विषय तिथूनच कळला.

नाना म्हणजे माझे वडील. रावेरकडे केळीच्या बागेत मजुरी. एकदा घड वाहताना चिखलात पाय घसरला, मांडीचं हाड मोडलं. खाजगीत नेलं तर आधी डिपॉझिट भरा. मामांनी बैलजोडी विकली, तीही ऐन पेरणीच्या तोंडावर, आणि मग ऑपरेशन झालं. नाना शुद्धीवर आले तर पहिला प्रश्न, "कितला पैसा लागनात?" पायाचं नंतर विचारलं. मामांनी त्या वर्षी दुसऱ्याचे बैल भाड्याने आणून उशिरा कापूस लावला. पुढे नानांना शुगर निघाली. सरकारी दवाखान्यात गोळ्यांच्या रांगेत दोन तास उभे, पायात रॉड, म्हणून जरा बसू का विचारलं तर खिडकीवरचा माणूस म्हणे, फुकट मिळतंय ना, मग थांबायला काय होतं? नाना घरी आले ते परत तिकडे गेलेच नाही. मेडिकलवरून गोळ्या आणायचे, हातात पैसे नसले की खायचेच नाही.

तो फुकट शब्द मला आजही झोंबतो. फुकट कसं काय? नाना साबण घ्यायचे, सायकलची ट्यूब घ्यायचे, त्यावर कर होताच ना! आणि साबणाच्या वडीवर मजूर जेवढा कर भरतो तेवढाच बंगलेवाला पण भरतो, म्हणजे कमाईच्या मानाने मजूरच जास्त भरून राहिला. केळीवाले माना हलवून राहिले, त्यांना भाव आणि खर्चाचा हिशोब लगेच कळतो.

अध्यक्षांनी चिठ्ठी दिली, पाचच मिनिटं आहेत, तर भरभर सांगतो.

2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात म्हटलं होतं की 2025 पर्यंत आरोग्यावरचा सरकारी खर्च जीडीपीच्या, म्हणजे देशाच्या वर्षाच्या एकूण उत्पन्नाच्या, 2.5 टक्के करू. 2021-22 ला तो 1.84 होता, आणि त्याच वर्षी देशाच्या एकूण आरोग्यखर्चातले 39.4 टक्के लोकांनी स्वतःच्या खिशातून भरले. 2013-14 ला हेच 64.2 होते, म्हणजे फरक पडतो, सरकारने पैसा घातला की पडतो. योजनांचं म्हणाल तर गरिबांच्या ऑपरेशनचा खर्च भरणारी राज्याची जीवनदायी योजना 2012 ला सुरू झाली, पहिल्या आठ जिल्ह्यांत आपलं धुळे होतं, आता तिला महात्मा फुले योजना म्हणतात, खूप लोकांची ऑपरेशनं झाली त्यात, चांगलंच झालं. पण ती मुख्यतः अ‍ॅडमिट झालेल्यासाठी, नानांच्या रोजच्या गोळीचं काय? म्हणून माझं म्हणणं एवढंच, पैसा माणूस धडधाकट असताना आणि कमाईप्रमाणे घ्या, जास्त कमाईवाल्याकडून जास्त, आजारी पडल्यावर काउंटरवर नको. ब्रिटनने 1948 ला करातून सगळ्यांची सोय केली. थायलंड काही श्रीमंत देश नाही, त्यांनीही 2002 ला केली. आणि वाटताना नुसती डोकी मोजू नका, नंदुरबारच्या डोंगरात, धडगाव-अक्कलकुव्यात, पाड्यावरून पेशंट खाली आणायलाच अर्धा दिवस जातो, तिथे माणशी जळगाव शहरापेक्षा जास्त पैसा लागणार, तो आधी तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्राला द्या, गोळ्या, नर्स, गाडी.

बाकीचं प्रश्नोत्तरात. मागच्या रांगेतल्या ताई, तुम्ही मघापासून हात वर करून राहिल्या, बोला.