लिस्बनला पाहुणे म्हणून

मंडळी, सुरुवात जे गेले नाहीत त्यांच्यापासून करते.

जुलै २०२३ मध्ये आमच्या वसईच्या धर्मग्रामातून, म्हणजे पॅरिशमधून, ३२ मुलंमुली युरोपच्या तीर्थयात्रेला निघणार होती. निघाली २९. तिघांचा व्हिसा नाकारला गेला. कारण छापील, एका ओळीचं. त्यांतला एक मुलगा दोन वर्षं पहाटे सायकलवरून पाव टाकून पैसे साठवत होता. आदल्या रात्री पावसात भिजत तो माझ्या दारात आला आणि खिशातली जपमाळ काढून माझ्या हातावर ठेवली. म्हणाला, “ताई, ही तरी जाऊ दे.” त्या यात्रेबद्दल बोलायचं तर मला त्या जपमाळेपासूनच बोलावं लागतं.

आम्ही जात होतो लिस्बनच्या जागतिक युवा दिनाला. १९८४ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी रोममध्ये तरुणांच्या हाती ३.८ मीटर उंचीचा एक साधा लाकडी क्रूस सोपवला आणि तो जगभर न्यायला सांगितला. तिथून ही परंपरा सुरू झाली. दर दोन-चार वर्षांनी वेगळ्या देशात लाखो तरुण जमतात. लिस्बनचा सोहळा खरं तर २०२२ साली व्हायचा होता. महामारीमुळे तो एक वर्ष पुढे गेला. आमच्या गटातल्या कित्येकांनी त्या काळात घरातलं माणूस गमावलं होतं. सहल म्हणून कुणीच निघालं नव्हतं.

पहिला मुक्काम फ्रान्समधलं लूर्द. १८५८ साली १४ वर्षांच्या बर्नादेतला तिथल्या गुहेपाशी १८ वेळा पवित्र मरियेचं दर्शन झालं. त्या वेळी तिचं कुटुंब जुन्या तुरुंगाच्या एका कोंदट खोलीत राहत होतं, आणि तिला दमा होता. लूर्दला चमत्कार किती झाले, असं मला नेहमी विचारतात. हजारो बरं झाल्याच्या नोंदी तपासून चर्चने चमत्कार म्हणून मान्य केलेल्या घटना शंभराहूनही कमी आहेत. पण तिथे गेल्यावर तो आकडा मनातून निघूनच जातो. संध्याकाळच्या मेणबत्त्यांच्या मिरवणुकीत आजारी माणसं सगळ्यांच्या पुढे असतात आणि त्यांच्या गाड्या ओढतात स्वयंसेवक, त्यांत बरेचसे तरुण. आमच्या मुलांनाही एके संध्याकाळी ते काम मिळालं. एरवी रांगेत पुढे घुसणारी आमची पोरं त्या दिवशी एका वृद्ध बाईंच्या गाडीच्या वेगानं चालत होती.

मग पिरनीज पर्वत ओलांडून स्पेनमध्ये हाविएरला. झेवियर हे आपण आडनाव समजतो. ते या गावाचं नाव. इथल्या गढीत ७ एप्रिल १५०६ रोजी संत फ्रान्सिस झेवियर जन्मले. गढीच्या छोट्या प्रार्थनाघरात अक्रोडाच्या लाकडाचा एक क्रूसित ख्रिस्त आहे. त्याच्या चेहऱ्यावर हसू आहे, आणि भोवतीच्या भिंतींवर नाचणारे सांगाडे रंगवलेले आहेत. मरण नाचतंय आणि मधोमध क्रूसावरचा माणूस हसतोय. मुलं तिथून लवकर हलेनात. एकीनं मला हळूच विचारलं, “ताई, माझे पप्पा गेले तेव्हा त्यांना असं काही दिसलं असेल का?” मी तिचा हात धरून उभी राहिले.

गढी दाखवणाऱ्या बाईंनी सांगितलं की फ्रान्सिस इथून गेला तो पुन्हा कधीच आला नाही. तेव्हा आमच्यातला एक जण पुढे होऊन म्हणाला, “तो आमच्याकडे आहे.” त्यानं मोबाइलवर जुन्या गोव्यातल्या बॉम जेझू बासिलिकाचा फोटो काढून दाखवला. त्या बाई कितीतरी वेळ तो फोटो मोठा करकरून बघत राहिल्या. त्यांनी जन्मभर या संताचा पाळणा सांभाळला होता, समाधी पाहिली नव्हती. आमच्या वसईतही हे संत येऊन गेले. लिस्बनहून ते निघाले १५४१ मध्ये, आपल्या पस्तिसाव्या वाढदिवशी, आणि गोव्याला पोहोचले ६ मे १५४२ रोजी. तेरा महिन्यांचा प्रवास.

लिस्बनच्या आधीचे दिवस पोर्तुगालभरच्या गावांनी जगभरातल्या तरुणांना आपापल्या घरी ठेवून घेतलं होतं. उत्तरेकडच्या एका खेड्यात आम्हीही घराघरांत वाटले गेलो. मी आणि दोन मुली एका विधवा आजीबाईंकडे. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, आम्हाला पोर्तुगीज. त्यांनी पहिल्या रात्री पानात गरम सूप वाढलं आणि एकेक जिन्नस बोटानं दाखवत नाव सांगितलं. बटाटा तर बटाटाच निघाला. हिरव्या पाल्याला त्या म्हणाल्या ‘कोव’, म्हणजे आपली कोबी. भाकरीला जवळपास ‘पाव’. झोपायला जाताना त्यांनी घराची किल्ली आमच्या हातात दिली आणि म्हणाल्या, ‘शाव’. माझ्याबरोबरची मुलगी एकदम ओरडली, “चावी!” ओळख होऊन पाच तास झाले होते आणि घराची चावी आमच्याकडे होती.

त्याच रात्री चर्चच्या पायरीवर आमच्यातल्या एका मुलानं मला विचारलं, “ताई, यांच्याच पूर्वजांनी आपल्या पूर्वजांना बाटवलं. देवळं पाडली. मग आपण इथे हात जोडून कसे आलो?” प्रश्न खरा होता. १५३४ ते १७३९, दोनशे वर्षं वसई पोर्तुगिजांच्या ताब्यात होती, आणि तेव्हाची सगळीच धर्मांतरं मनापासून झाली नव्हती. हे लपवून यात्रा करता येत नाही. मी त्याला एवढंच सांगितलं, की चिमाजी अप्पांनी वसई जिंकली तेव्हा पोर्तुगीज गेले. आपली माणसं तिथेच राहिली, आपल्या शेतांत, आपल्या बोलीत. सत्ता गेल्यावर श्रद्धा सोडून देता आली असती. त्यांनी ती ठेवली. ती आपल्याला आपल्या आज्यांकडून आली आहे. आणि ज्यांचे पूर्वज तोफा घेऊन आले, त्यांच्या घरी आज आपण पाहुणे आहोत, त्यांनी बोलावलं म्हणून. त्याचं समाधान झालं की नाही, माहीत नाही. पण दुसऱ्या दिवशी तो आपल्या यजमानांच्या मळ्यात दिवसभर कांदे काढत होता.

लिस्बनचं बरंच तुम्ही टीव्हीवर पाहिलं असेल. ३ ऑगस्टला पोप फ्रान्सिस म्हणाले, चर्चमध्ये सर्वांना जागा आहे. ‘सर्व, सर्व, सर्व’, असं तीनदा, आणि सगळ्या मैदानाकडून वदवून घेतलं. ८६ वर्षांचे, व्हीलचेअरवरून आलेले. ५ ऑगस्टची रात्र आम्ही तेजू नदीकाठी उघड्यावर काढली. दिवसभराच्या उन्हानं जमीन रात्रीही तापलेली होती. पूर्वी त्या जागी शहराचा कचरा टाकत. सकाळच्या मिस्साला, म्हणजे सामूहिक उपासनेला, सुमारे १५ लाख माणसं होती. रात्री पवित्र साक्रामेंतापुढे, म्हणजे ख्रिस्ताचं शरीर मानलेल्या भाकरीपुढे, सगळं मैदान गप्प झालं, ती शांतता मला अजून आठवते.

परतीच्या वाटेवर फातिमा. १९१७ मध्ये जिथे तीन मेंढपाळ मुलांना दर्शन झालं, त्या चॅपेलपाशी मी ती जपमाळ थोडा वेळ ठेवली आणि त्या मुलासाठी परत घेतली. त्या मुलांपैकी फ्रान्सिस्को आणि जासिंता हे बहीणभाऊ पुढे फ्लूच्या साथीत गेले. आमच्या मुलांपैकी कुणालाच हे समजावून सांगावं लागलं नाही.

गोव्यात दर दहा वर्षांनी होणारं संत फ्रान्सिस झेवियर यांच्या अवशेषांचं दर्शन २१ नोव्हेंबर २०२४ पासून होतं. त्यासाठी त्या आजीबाईंचा नातू डिसेंबरमध्ये भारतात आला आणि तिथून वसईला. तो कुणाकडे उतरला? ज्याला व्हिसा मिळाला नाही, त्या पाववाल्या मुलाकडे. त्याच्या आईनं पहिल्याच रात्री पाहुण्याला घराची चावी दिली.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्याला किल्ल्यात नेलं. पडक्या चर्चमधल्या थडग्यांच्या दगडांवर आपण लहानपणापासून खेळलो, पण त्यांवर काय लिहिलंय ते आम्हाला कधी वाचता आलं नव्हतं. तो गुडघ्यांवर बसला, हातानं शेवाळ बाजूला केलं आणि अक्षर अक्षर लावू लागला. ही कबर अमक्याची, एवढं लागलं. पुढचं नाव झिजलेलं होतं. आमच्या त्या पाववाल्या मुलानं खिशातून ती जपमाळ काढली आणि मराठीत ‘नमो मरिये’ ही जपमाळेची प्रार्थना म्हणायला लागला. पाहुणा प्रत्येक वेळी पुढचा अर्धा भाग पोर्तुगीजमध्ये म्हणत होता.