युद्ध थांबणार, पण कुठल्या अटीवर?

नमस्कार श्रोतेहो.

आपल्या कोकणपट्टीत घरटी नसला, तरी वाडीत एखादा माणूस बोटीवर असतोच. त्यामुळे ‘युद्ध थांबणार’ म्हटलं की दापोलीपासून वेंगुर्ल्यापर्यंत कान टवकारले जातात. पण त्याच दिवशी दुसरं चॅनल लावावं, तर तिथे भलतंच काहीतरी चाललेलं असतं.

नोव्हेंबर २०२५ मधलंच बघा. युक्रेन युद्ध संपवण्याचा अमेरिकेचा २८ कलमी मसुदा फुटला. युक्रेनने पूर्वेकडच्या डोनबास प्रांताचा हातात उरलेला भाग सोडायचा, सैन्य ६ लाखांवर आणायचं, नाटोत जायचं नाही आणि त्या बदल्यात सुरक्षेची हमी घ्यायची. ट्रम्प यांनी उत्तरासाठी जेमतेम आठवड्याची मुदत दिली. झेलेन्स्की म्हणाले, एक तर स्वाभिमान जाईल, नाहीतर मोठा मित्र. पुतिन म्हणाले, अंतिम तोडग्याला हा पाया चालेल. युरोपीय देशांनी आपला मसुदा पुढे केला, त्यात सैन्याचा आकडा ८ लाख. आता यातलं कुठलं वाक्य मथळ्यात घ्यायचं? मुदत घेतली तर घाई दिसते, स्वाभिमान घेतला तर शरणागती, पाया घेतला तर शांतता. खोटं कुणीच बोललेलं नसतं.

बातमीदार बसलाय कुठे, हेही बघायला हवं. रशियात २०२२ पासून सैन्याविषयी ‘खोटी’ बातमी दिल्याबद्दल १५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. युक्रेनमध्येही युद्ध सुरू झाल्यापासून मोठ्या वाहिन्या मिळून एकच सामायिक वृत्तप्रक्षेपण करत आल्या आहेत. दोन्ही एकाच मापाने मोजू नयेत, पण मोकळं रान कुठेच नाही.

आणि आपली मराठी वर्तमानपत्रं? परदेशातला मजकूर बहुतेक वृत्तसंस्थांकडून येतो. महत्त्वाचं वर आणि बाकीचं खाली, अशी त्याची मांडणी. जाहिरात आली की उपसंपादक खालून कापत जातो, आणि अटी नेमक्या खालीच असतात! ऑक्टोबर २०२५ मध्ये गाझातलं युद्ध थांबवण्याच्या ट्रम्प यांच्या योजनेला हमासने उत्तर दिलं. ओलीस सोडू, कारभार पॅलेस्टिनी तज्ज्ञांकडे देऊ, बाकीचं चर्चेने ठरवू. शस्त्रं खाली ठेवण्याबद्दल अवाक्षर नाही. दोन ओळींच्या पट्टीत यातली ‘संमती’ तेवढी मावते.

दर्यावर्दी माणसाच्या घरी याची झळ कशी पोचते, तेही सांगतो. २२ जुलै २०२२ ला इस्तंबूलमध्ये काळ्या समुद्रातून युक्रेनचं धान्य नेण्याचा करार झाला. दुसऱ्याच दिवशी युक्रेनच्या ओडेसा बंदरावर रशियाची क्षेपणास्त्रं पडली. करार मोडला, असं कुणालाही वाटलं असतं. तरी १ ऑगस्टला ‘राझोनी’ नावाचं जहाज मका घेऊन तिथून निघालं. मुळात करार होता तीन बंदरांपुरता आणि १२० दिवसांचा. पुढे मुदती वाढत गेल्या आणि जुलै २०२३ मध्ये रशिया बाहेर पडला.

जहाजाचा विमा उतरवणारा अशा वेळी मथळ्यावर थांबत नाही. कुठलं बंदर, कुठला मार्ग, कुठल्या तारखेपर्यंत, हे बघून तो हप्ता ठरवतो. तुमचा मुलगा किंवा पुतण्या त्या बाजूला निघाला असेल, तर फोनवर त्यालाही हे तीनच प्रश्न विचारा.