कंटाळा आधी चढू द्यावा लागतो

नमस्कार श्रोतेहो.

आज मला अकरा मिनिटं मिळाली आहेत. त्यातली दोन मिनिटं मी नुसता गप्प बसतो, असं मी इथल्या मंडळींना सुचवून पाहिलं. विषयच तसा आहे ना, कंटाळा. पण रेडिओवर शांतता चालत नाही. दहा सेकंद आवाज गेला नाही की ड्यूटी रूममधून कुणीतरी धावत येतं, काय बिघडलं ते बघायला. म्हणजे रिकामी जागा दिसली की भरून टाकायची, ही खोड काही मोबाईलने लावलेली नाही. आम्ही रेडिओवाले त्यातले जुने गुन्हेगार.

फरक एवढाच की आम्ही संपायचो. रात्री प्रसारणाची शेवटची सभा झाली की नुसती खरखर. टीव्हीवर तर व्यत्ययाबद्दल दिलगिरीची पाटी यायची आणि अख्खं घर, शेजाऱ्यांसकट, त्या पाटीकडे बघत बसायचं. पाटीकडे! आता पाटी येत नाही. २००६ साली एझा रास्किन नावाच्या अमेरिकन तंत्रज्ञाने पान संपूच नये अशी युक्ती काढली. बोट सरकवा, पुढचं हजर. आणखी सरकवा, आणखी हजर. पुढे त्याने स्वतःच या शोधाबद्दल हळहळ व्यक्त केली. पण तोवर आपलं बोट सरावलं होतं.

आता आपल्या भाषेकडे जरा कान द्या. मराठीत कंटाळा 'येतो'. झोप येते, राग येतो, पाऊस येतो, पाहुणा येतो, तसा कंटाळा येतो. आणि जे येतं ते जातंही. हल्लीची मुलं म्हणतात 'बोअर होतंय', त्यात येणंही नाही आणि जाणंही नाही. मला तो शब्द आवडत नाही. 'बोअर' म्हटलं की मला विहिरीचं पाणी आटल्यावर अंगणात आणतात ते मशीन आठवतं. असो. तर एवढंच धरून ठेवा: कंटाळा येतो, चढतो आणि उतरतो. पण आधी तो चढू द्यावा लागतो.

हे मला कळलं ते माझ्या आत्याच्या ओटीवर. आत्या रोह्याच्या बाजूला एका खेड्यात राहते, वय अठ्ठ्याहत्तर. गेल्या चैत्रात मी तिच्याकडे चार दिवस गेलो. रिक्षातून उतरलो, एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात फोन, डोळे फोनमध्ये. ओटीची जांभ्याची पायरी चुकली. मी सावरलो, फोन पडला. तोंडावर पडला.

तालुक्याच्या गावी दुकानात नेला. पोरगा म्हणाला, "काका, डिस्प्ले गेला. पार्ट मुंबईहून येईल. शुक्रवारी या." त्या दिवशी सोमवार होता.

आत्याकडे टीव्ही आहे, पण छत्री माकडांनी वाकवलेली. ट्रान्झिस्टर होता, त्यात सेल नव्हते. मी रेडिओत तीस वर्षं काढलेला माणूस, आणि माझ्या सख्ख्या आत्याच्या ट्रान्झिस्टरमध्ये सेल नाहीत! विचारलं तर म्हणाली, "अरे, तू रिटायर झाल्यावर काय ऐकायचं?" हे तिने प्रेमाने म्हटलं की टोमणा मारला, ते अजून ठरलेलं नाही.

पहिली दुपार. जेवण झालं, आत्या ओटीवर बसली, मी बसलो. पाच मिनिटांत हात खिशात. खिसा रिकामा. पुन्हा पाच मिनिटांनी हात खिशात. एकदा तर मांडीला थरथर जाणवली, फोन व्हायब्रेट व्हावा तशी. फोन रोह्याच्या दुकानात उघडा पडलेला आणि मांडी इकडे थरथरतेय! मग मी वाचायला शोधू लागलो. कॅलेंडरची मागची बाजू वाचली, दोन महिन्यांची. हिंगाच्या डबीवरचा मजकूर वाचला. आत्याच्या रक्तदाबाच्या गोळ्यांचं पाकीट वाचलं आणि मला त्यातले चारही दुष्परिणाम जाणवायला लागले.

ते सगळं वाचून झाल्यावर मात्र वाईट वेळ आली. हे कुणी सांगत नाही. कंटाळ्याचे गोडवे गाणारे लोक शांतता, सृजन वगैरे बोलतात. माझ्या डोक्यात तसलं काही आलं नाही. मला आठवला आमच्या केंद्रावरचा एक सहकारी, ज्याने मला माइकसमोर श्वास कसा घ्यायचा ते शिकवलं. तो आजारी असल्याचं कळून तीन वर्षं झाली होती आणि मी एक फोन केला नव्हता. वेळ नव्हता, असं मी मानत होतो. त्या ओटीवर मला वेळ होता आणि ते मानता येईना. आत्याच्या बटणांच्या फोनवरून तेवढ्यात करावा म्हटलं, तर नंबर पाठ नाही. नंबर कुठे? रोह्याच्या दुकानात.

मी उठलो, आत जाऊन पाणी प्यायलो, बाहेर आलो, पुन्हा आत गेलो. आत्या बघत होती. म्हणाली, "मांजरीला पिल्लं व्हायची असली ना, की अशीच फिरते घरभर. बस एका जागी."

"बसून करू काय?"

तिने माझ्यासमोर वालांचं पातेलं सरकवलं.

भिजवून, मोड आणून, कोमट पाण्यात घातलेले कडवे वाल. सोलून कसे घ्यायचे ते तुम्हाला सांगायला नको. मी लहानपणी केलेलं, मध्ये पन्नास वर्षं गेली. मुंबईत सोललेल्या डाळिंब्या पिशवीत मिळतात. त्यांना ना वास ना चव, त्या घेऊ नका, हे माझं स्वच्छ मत आहे. तर पहिला वाल चिमटीत धरला, दाबला आणि डाळिंबी सटकून थेट अंगणात गेली. दुसरी आत्याच्या मांडीवर. साधारण पंचविसाव्याला अंदाज आला. मोड वर ठेवून धरायचं, खालून हलकंच दाबायचं, की साल बोटांत राहतं आणि आतला दाणा अख्खा, मोडासकट, तळहातावर. ओला, फिकट हिरवा, गुळगुळीत.

पातेलं संपेचना. शंभर झाले असतील तेव्हा मला इतका कंटाळा आला की डोळ्यांत पाणी यायचं बाकी राहिलं. मान दुखायला लागली. घड्याळ बघितलं, तीन वाजून दहा मिनिटं. नंतर पुष्कळ वेळाने बघितलं, तीन वाजून चौदा मिनिटं. हाच तो घाटमाथा, श्रोतेहो. इथेच आपण फोन काढतो. रांगेत, सिग्नलला, लिफ्टमध्ये, आणि कुठे कुठे ते सांगत नाही, जेवणाची वेळ आहे. माथ्याच्या अलीकडूनच आपण रोज परत फिरतो, म्हणून पलीकडचा उतार आपण कधी बघितलेलाच नसतो. त्या दिवशी परत फिरायला वाट नव्हती.

आणि मग तो उतरला. केव्हा उतरला ते कळलं नाही. एवढंच लक्षात आलं की मी बराच वेळ चौकटीकडे बघतोय. तिथे कुंभारीण माशी घर बांधत होती. चिखलाची मुगाएवढी गोळी तोंडात धरून यायची, ती काठावर लावायची, गुणगुणत गुणगुणत पट्टी ओढल्यासारखी पसरायची आणि जायची. हात वालांत आणि डोळे तिच्यावर. मी फेऱ्या मोजायला लागलो. मडकं होत आलं, बोराएवढं, वर बारीक गळा, त्याला बाहेर वळवलेली कड. अगदी कुंभाराने चाकावर काढावी तशी! दुसऱ्या दिवशी दुपारी तिने एक हिरवी अळी आणली, स्वतःहून लांब, आणि त्या गळ्यातून आत कोंबली. मग दुसरी कोंबली. तिसरी अर्ध्यात अडकली तेव्हा मी ओरडलो, "आत्या, जात नाहीये!" आत्या म्हणाली, "जाईल, तू वाल बघ." गेली. मग तिने तोंड लिंपून टाकलं आणि उडून गेली, ती परत आलीच नाही.

"कुंभारणीने घर केलं की पाळणा हलतो म्हणतात," आत्या म्हणाली. "इथे कोणाचा हलणार? तुझा का माझा?"

तिसऱ्या दिवशी मी जेवण उरकून आपण होऊन ओटीवर जाऊन बसलो. आता मला वाटत होतं, आत्या मोठी योगिनी आहे. रोज दुपारी दोन तास अशी स्वस्थ बसते, काहीतरी साधलेलं असणार. विचारलं. ती म्हणाली, "स्वस्थ कुठली? अरे, समोरच्यांकडे तीन दिवस झाले, सून दिसली नाही. माहेरी गेली असली तर पिशवी घेऊन जाताना मला दिसली असती." म्हणजे योग वगैरे काही नाही, पाळत होती!

शुक्रवारी फोन आला. तीनशे बारा संदेश. त्यातले कामाचे दोन: सोसायटीची टाकी धुणार असल्याचा आणि गॅसचा. बाकी फुलं, सूर्योदय आणि शुभ सकाळ. पहाटे पाचला उठून दुसऱ्यांना सूर्योदयाचं चित्र पाठवण्यापेक्षा खिडकी उघडून खरा का बघत नाहीत, हे मला कोडं आहे. पण सगळे संदेश मी त्याच रात्री वाचले, हेही सांगतो. आणि त्या सहकाऱ्याला फोन? तो केला तिसऱ्या दिवशी. नंबर हातात आल्यावर पुन्हा वेळ मिळेना.

शनिवारी आत्याने विचारलं, "एवढं काय असतं रे त्यात?" मी तिला मांजरांचे व्हिडिओ लावून दिले. पाऊण तास! अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई, बोट माझ्यापेक्षा चपळ. समोरून कोण गेलं, कोण आलं, तिला पत्ता नाही. वाल पाण्यात तसेच. संध्याकाळी बिरड्याला वास आला आणि आम्ही पिठलं खाल्लं.

घड्याळ बघतो... चार मिनिटं राहिली. म्हणायच्या होत्या त्या गोष्टी भराभर उरकतो.

व्हर्जिनिया विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ टिमथी विल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली 'सायन्स' या नियतकालिकात एक प्रयोग छापला. माणसांना रिकाम्या खोलीत पंधरा मिनिटं एकटं बसवलं. फोन नाही, पुस्तक नाही. फक्त एक बटण, दाबलं की स्वतःलाच विजेचा झटका. तो झटका सगळ्यांनी आधी चाखला होता आणि टाळायला पैसे मोजू असं म्हणाले होते. तरी १८ पुरुषांपैकी १२ जणांनी आणि २४ बायकांपैकी सहा जणींनी तो घेतला. एका गृहस्थांनी १९० वेळा! हे मी आत्याला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "वाल द्यायचे होते सोलायला."

दुसरी गोष्ट सांगली जिल्ह्यातली. कडेगाव तालुक्यातलं मोहित्यांचे वडगाव. कोरोनात शाळा मोबाईलवर आली आणि पोरांच्या हातातून तो सुटेना. मग सरपंच विजय मोहिते यांच्या पुढाकाराने गावाने ठरवलं. २०२२ च्या स्वातंत्र्यदिनापासून संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजू लागला. टीव्ही बंद, मोबाईल बंद. साडेआठला पुन्हा भोंगा. मला यात आवडतो तो भोंगा. एकट्याने ठरवलं की एकट्याने मोडता येतं. मी स्वतःशी केलेले किती संकल्प मंगळवारपर्यंत टिकले नाहीत, त्याची मोजदाद नाही. सगळ्या गावाचे एकदम बंद असले की शेजारच्याकडे काय चाललंय ही हुरहूर उरत नाही. पूर्वी कितीतरी गावांत नगरपालिकेचा भोंगा असायचा, त्यावर घड्याळं लावायचे लोक. ते भोंगे परत आणले पाहिजेत, पण तो वेगळा विषय.

आमच्या घरी भोंगा नाही. मी एवढं करतो की दुपारी चार ते साडेचार फोन तांदळाच्या डब्यावर ठेवतो आणि गॅलरीत बसतो. तांदळाच्या डब्यावर अशासाठी की तो स्वयंपाकघरात वरच्या फळीवर आहे, स्टूल घ्यावं लागतं, आणि गुडघे नको म्हणतात. उशाशी किंवा समोर टेबलावर पालथा ठेवून उपयोग होत नाही, करून बघितलंय. गॅलरीतून दिसतं ते फार काही नाही. समोरच्या इमारतीचं प्लास्टर, एक सुकत घातलेली चादर, खाली इस्त्रीवाला. पहिली दहा-बारा मिनिटं अजूनही वाईट जातात. रोज जातात. सवयीने कंटाळा येत नाहीसा होतो, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. तो येतो, चढतो. फक्त आता मला ठाऊक असतं की पलीकडे उतार आहे. काही दिवशी तिथवर पोचतो, काही दिवशी स्टूल घेतो.

परवा साडेचारला फोन खाली काढला तर आत्याचे दोन कॉल येऊन गेलेले. मी घाबरून लावला. भाच्याने तिला नवा फोन घेऊन दिलाय. म्हणाली, "होतास कुठे? अरे, ते मांजरांचं कुठे दाबलं की येतं?"

मी सांगितलं. मग विचारलं, समोरच्यांची सून आली का?

"कोण जाणे," म्हणाली.