आईची खोली रात्रीला कितीला पडते

नमस्कार मंडळी. ठाण्यातल्या या सभेच्या कार्डावर विषय छापलाय, ‘बदली झाल्यावर घर कुठे आणि किती घ्यावं’. मला पंचेचाळीस मिनिटं दिलीत, त्यातली सात माझी ओळख करून देण्यात गेली आणि त्या ओळखीतलं निम्मं मलाही नवीनच होतं. (हशा) आधीच सांगून टाकतो, मी प्रॉपर्टीवाला नाही. ३४ वर्षं नोकरी, त्यात पाच बदल्या, आणि घर आयुष्यात एकदाच घेतलं, ते चुकलं. तेवढ्याच अधिकारावर उभा आहे.

तर माझं म्हणणं एवढंच आहे की कार्डावरचा क्रम उलटा छापलाय. आधी ‘कुठे’ आणि मग ‘किती’ असं आपण बोलतो, पण घरात चर्चा सुरू होते ती ‘किती’ पासून. टू बीएचके की थ्री, एवढं ठरलं की ‘कुठे’ ठरवायला तुमची गरजच उरत नाही, ते बँक ठरवते. खिसा एकच असतो ना. एक खोली वाढली की घर दोन स्टेशनं लांब सरकतं. आणि ती वाढीव खोली कुणासाठी असते? पाहुण्यांसाठी. म्हणजे बोलताना आपण आई-वडिलांसाठी म्हणतो, बरं वाटतं ऐकायला.

माझंच सांगतो. २०११ साली सोलापूरहून नवी मुंबईत महाप्याला बदली. आम्ही तिघं, मी, बायको आणि पाचवीतला मुलगा. कोपरखैरण्यात एक घर बघितलं, दुसरा मजला, टू बीएचके म्हणायचं पण दुसऱ्या बेडरूममध्ये पलंग टाकला की दार अर्धंच उघडायचं. ऑफिस तिथून वीस मिनिटांवर. मी जवळपास हो म्हणून बसलो होतो. तेवढ्यात सोलापूरहून वडिलांचा फोन, ‘आम्ही आलो की कुठे झोपायचं रे?’ बस्स. हा प्रश्न ज्याला विचारला जातो त्याची गणितं तिथेच संपतात. खारघरला त्याच पैशात थ्री बीएचके मिळत होता, सेक्टर ३५, मोठ्ठी गॅलरी, मागे डोंगर, आणि एजंट म्हणाला, साहेब मेट्रोचं काम सुरू झालंय, दोन-तीन वर्षांत दारात मेट्रो. काम खरंच सुरू झालं होतं, खांब दाखवले त्यानं. ती मेट्रो धावली १७ नोव्हेंबर २०२३ ला आणि मी त्याच वर्षी मे महिन्यात रिटायर झालो. (हशा) आणि गंमत अशी की वेळेवर आली असती तरी ती जाते बेलापूर ते पेंधर, माझं ऑफिस महापे, म्हणजे बेलापूरला सोडून तिनं मला हात जोडले असते. हे मला खांब बघताना सुचलं नाही. खांब दिसले की माणसाचं डोकं चालत नाही, हे माझं निरीक्षण आहे, मेट्रोचे खांब बघून घर घेतलेल्या घोडबंदरवाल्यांनी मनाला लावून घेऊ नका.

मग रोजचं काय, तर घरापासून खारघर स्टेशन रिक्षानं वीस मिनिटं, रिक्षा लगेच मिळाली तर. मग ठाण्याची गाडी, ती चुकली की पुढच्या गाडीची वाट बघत प्लॅटफॉर्मवर उभं. नेरुळ, जुईनगर करत कोपरखैरणे, आणि तिथून महाप्याला शेअर रिक्षात चौथा, म्हणजे ड्रायव्हरच्या शेजारी एका मांडीवर. एका बाजूनं ८५ मिनिटं. आणि कोपरखैरण्याच्या स्टेशनातून बाहेर पडताना रोज ती बिल्डिंग दिसायची. दुसरा मजला, तिथे कुणीतरी हिरव्या जाळ्या लावल्या होत्या. बारा वर्षं मी त्या जाळ्यांकडे बघत ऑफिसला गेलो.

आता त्या खोलीचं. बायकोनं तिला ‘आईची खोली’ असंच नाव दिलं. कपाट, पलंग, उशाशी देवाचं छोटं कॅलेंडर. पहिल्या दिवाळीत आई-अण्णा आले. रात्री साडेदहाला बघतो तर आई हॉलमध्ये सतरंजी घालतेय. म्हटलं, अगं खोली आहे की तुझी. तर म्हणाली, तिथे कुणाचा आवाजच येत नाही, इथे स्वयंपाकघरातला फ्रिज तरी घुरघुरतो. (हशा) अण्णा तिथे झोपले दोन रात्री, तिसऱ्या रात्री तेही बाहेर, कारण टीव्ही बाहेर होता. मग त्या खोलीत काय राहायला लागलं? आधी दोन सुटकेसी, मग गणपतीचं मखर, मग एक ट्रेडमिल ज्यावर टॉवेल वाळायचे, मग मिक्सरचा रिकामा खोका, वॉरंटीसाठी ठेवलेला, वॉरंटी संपली तरी खोका आहे. तुमच्या घरात असा खोका नसेल त्यांनी हात वर करा. बघा, एकही नाही.

आई-अण्णा वर्षाला सरासरी वीस दिवस राहायचे, मी डायरीत लिहायचो, मला सवय आहे. आता प्रवासाचा हिशोब. कोपरखैरण्यातून वीस मिनिटं, खारघरहून ८५, फरक ६५, जाऊन-येऊन १३०. वर्षाचे अडीचशे दिवस धरा. ३२,५०० मिनिटं. म्हणजे चोवीस तासांचे साडेबावीस दिवस. आई-वडील वीस दिवस येणार म्हणून मी दरवर्षी साडेबावीस दिवस गाडीत आणि रिक्षात उभा. हे कळलं त्या रात्री मी बायकोला उठवून सांगितलं, ती म्हणाली, सकाळी सांगायचं ना.

आणि पैशात सांगतो, आजच्या भाषेत. समजा भाव फुटाला १५ हजार आणि खोली १२० फूट कार्पेट, म्हणजे भिंतींच्या आतली वापरायची जागा. झाले १८ लाख. साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांचा हप्ता लाखाला ८६८ पडतो, म्हणजे महिन्याला साधारण १५,६००, वर्षाला १,८७,००० च्या वर. भागिले वीस रात्री. रात्रीला ९,३०० रुपयांच्या वर. एवढ्यात आई-अण्णांना चांगल्या हॉटेलात ठेवलं असतं, सकाळी नाश्ता बुफे. अण्णा गेले नसते ते सोडा.

तरुण मंडळी मागे कुजबुजतायत, मला माहितीये काय म्हणतायत. वर्क फ्रॉम होम. मान्य. माझं खारघरचं घर आता भाड्यानं दिलंय, तो भाडेकरू मुलगा त्याच खोलीत बसून दिवसाला नऊ तास काम करतो, ट्रेडमिलसुद्धा त्याच्याकडे गेली, तो चालतो म्हणे तिच्यावर. (हशा) म्हणजे ती खोली वाईट नव्हती, माझ्या कामाची नव्हती. त्यामुळे मी ‘मोठं घर घेऊ नका’ असं म्हणत नाहीये, खोलीला रोजचं काम नेमून द्या आणि मग घ्या एवढंच म्हणतोय.

ठाण्यातल्या सभेत ठाण्याचं बोललं पाहिजे. नौपाड्यातला माणूस घोडबंदरला ठाणं मानत नाही, आणि घोडबंदरवाला नौपाड्यात गाडी लावायला जागा शोधत तीन चकरा मारतो आणि मग म्हणतो, असल्या ठाण्यात मला राहायचंच नाही. दोघंही— (संयोजकांनी चिठ्ठी आणून दिली) बरं. ‘सहा मिनिटं’ असं लिहिलंय, खाली दोन रेघा मारल्यात. म्हणजे ‘कुठे’ हा अख्खा विषय सहा मिनिटांत. पळतो.

बदली झाली की पहिले अकरा महिने भाड्यानं राहा, लिव्ह अँड लायसन्स म्हणजे भाडेकरार रजिस्टर करून. ऑफिसजवळ राहा, महाग पडलं तरी. ऐरोली, रबाळे, घणसोली, महापे या पट्ट्यात नोकरी असेल तर ट्रान्स-हार्बर, म्हणजे ठाण्याहून नवी मुंबईला जाणाऱ्या लोकलच्या लाइनवरचं घर बघा, ती लाइन २००४ पासून आहे, खांब नाहीत नुसते, गाड्या धावतात. घोडबंदरला घर बघायला रविवारी दुपारी जाऊ नका, सोमवारी सकाळी कासारवडवलीहून स्टेशनपर्यंत या आणि मग बोला. जुलैत एकदा जा. वॉचमनला विचारा टँकर आठवड्याला किती येतात, सेल्सवाला सांगणार नाही, वॉचमन सांगतो, त्याला झाकण उघडावं लागतं ना टाकीचं. खारघर, कामोठे, कळंबोली ही पनवेल महापालिकेत आहेत, नवी मुंबईच्या नाही, म्हणजे पाणी आणि टॅक्स दोन्हीचे प्रश्न वेगळे. अटल सेतू जानेवारी २०२४ ला सुरू झाला, पण रोज गाडीनं जाणार असाल तरच तो तुमचा, टोल धरून. उरण लाइनही त्याच महिन्यात उरणपर्यंत गेली, त्या लाइनवरच्या उलव्याचं बघणाऱ्यांनी टाइमटेबल हातात घेऊन बघा.

पैशाचं. भाव कार्पेटवर विचारा, जिना-लॉबी धरून फुगवलेल्या सुपर बिल्ट-अपची गोष्ट कुणी काढली तर चहा पिऊन उठा. महारेरा, म्हणजे बिल्डरांवर लक्ष ठेवणारं सरकारी प्राधिकरण, त्याच्या साइटवर प्रोजेक्ट बघा, ॲग्रीमेंट रजिस्टर होण्याआधी दहा टक्क्यांच्या वर देऊ नका, कायदाच आहे. ७५ लाखांच्या वर कर्ज असेल तर बँक घराच्या किमतीच्या ७५ टक्केच देते, आणि स्टॅम्प ड्युटी त्यात धरत नाही. ती आपल्याकडे ठाणे-नवी मुंबईत सात टक्के, घर फक्त बाईच्या नावावर असेल तर एक टक्का कमी, रजिस्ट्रेशन जास्तीत जास्त ३० हजार. बांधकाम चालू असेल तर जीएसटी साधारण पाच टक्के, ओसी म्हणजे राहायच्या परवानगीचा दाखला आलेला असेल तर नाही. पन्नास लाख आणि वर असेल तर विकणाऱ्याला पैसे देताना एक टक्का टीडीएस तुम्ही कापायचा, बरेच जण विसरतात, मी विसरलो असतो पण माझ्या वेळी नव्हता. नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी सिडकोच्या जमिनी मुळात ६० वर्षांच्या लीजवर दिलेल्या, रिसेल घेताना ट्रान्सफर चार्जेस कोण भरणार हे टोकन द्यायच्या आधी ठरवा, नंतर नाही.

आणि एक राहिलं, मेंटेनन्स, तो फुटावर असतो, म्हणजे आईच्या खोलीचाही भरावा— हो हो, थांबलो. प्रश्न असतील तर खाली चहाच्या टेबलाशी विचारा, आणि ज्यांच्या घरी ट्रेडमिल आहे त्यांनी जरा मागे थांबा, त्या भाडेकरूला दुसरी हवीये, त्याच्या बायकोसाठी.