मॅक्रो, भाषा की नुसता शॉर्टकट? ऑटोहॉटकीची ओळख लिहिताना

[पडद्यावर: कोरं पान. तीन अक्षरं टाइप होतात, स्पेस पडते आणि त्या जागी पूर्ण पत्ता उमटतो.]

टाइप केली तीन अक्षरं, उमटला चार ओळींचा पत्ता. ही करामत खाली कोपऱ्यात, घड्याळाशेजारी बसलेल्या हिरव्या चौकोनातल्या 'एच'ची. नाव ऑटोहॉटकी. विंडोजवर चालतं, पैसे पडत नाहीत, आणि मूळ कोड जीपीएल परवान्याखाली खुला आहे. इथवर कुणाचं दुमत नाही. पण हे नेमकं आहे काय, असं विचारलं की एकाचं उत्तर दुसऱ्याशी जुळत नाही. कुणी मॅक्रो म्हणतं, म्हणजे नोंदवलेल्या क्रिया जशाच्या तशा पुन्हा करणारी सोय, कुणी शॉर्टकटचं सॉफ्टवेअर, कुणी प्रोग्रामिंगची भाषा. ऑनलाइन गेम चालवणाऱ्यांना विचाराल, तर ते याच्याकडे संशयानेच बघतील.

या गोंधळाची मुळं त्याच्या जन्मातच आहेत. 1999 साली जोनाथन बेनेट यांनी ऑटोइट सुरू केलं, संगणकावरची कामं आपोआप करून घेणारं साधन. त्यामागची गरज होती संगणकांची देखभाल करणाऱ्यांची: हजारो संगणकांवर तीच ती सेटिंग करायची, तर प्रत्येकापुढे माणूस कुठून बसवायचा? क्रिस मॅलेट यांना त्यात कीबोर्डचे शॉर्टकट हवे होते. त्यांनी तसं सुचवलं, प्रतिसाद आला नाही, मग त्यांनी स्वतःच वेगळा प्रोग्राम लिहिला. 2003 मध्ये तो बाहेर आला, तोच ऑटोहॉटकी. म्हणजे एकाचा उगम हजारो यंत्रं सांभाळणाऱ्यांच्या गरजेत, दुसऱ्याचा एकट्या माणसाच्या बोटांत. आज दोघंही जवळपास तीच कामं करू शकतात, तरी ऑटोहॉटकीच्या नावातून 'हॉटकी', म्हणजे शॉर्टकटची कळ, काही गेलेली नाही.

[पडद्यावर: स्क्रिप्टची एकच ओळ, मोठ्या अक्षरात.]

स्क्रिप्ट म्हणजे काय करायचं त्याच्या लिहिलेल्या सूचना. त्यात टोपीसारखं चिन्ह म्हणजे कंट्रोल. उद्गारचिन्ह म्हणजे ऑल्ट. अधिकचं चिन्ह शिफ्ट, आणि हॅश म्हणजे विंडोजची कळ. त्यापुढे एखादं अक्षर, मग दोन कोलन, आणि नंतर काय करायचं ते. एवढ्यावर शॉर्टकट तयार. बहुतेकांची ओळख इथेच होते आणि पुष्कळांची इथेच थांबते. त्यांच्या लेखी हे शॉर्टकटचं सॉफ्टवेअर, आणि त्यांच्यापुरतं ते खरंही आहे.

'मॅक्रो' हे लेबल मात्र तोकडं पडतं. विंडोज 3.1 मध्ये रेकॉर्डर नावाचा प्रोग्राम यायचा. तुम्ही जे क्लिक कराल, जे टाइप कराल, ते तो नोंदवायचा आणि सांगितलं की जसंच्या तसं पुन्हा करायचा. मॅक्रो म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोक्यात हेच येतं. ऑटोहॉटकीत अटी आहेत, लूप आहेत, फंक्शन आहेत, स्वतःच्या विंडो बनवायची सोय आहे. ते नुसतं आठवून करत नाही, बघून ठरवतं.

म्हणून माझं मत असं: साधनाला 'विंडोजसाठी ऑटोमेशनची स्क्रिप्टिंग भाषा' म्हणावं आणि मोकळं व्हावं. खरी अडचण पुढे आहे. त्यात लिहिलेली स्क्रिप्ट दुसऱ्याच्या हातात देताना 'ऑटोहॉटकी स्क्रिप्ट, वेळ वाचवते' एवढंच लिहून चालत नाही.

पहिली गोष्ट आवृत्ती. आवृत्ती 2.0 डिसेंबर 2022 मध्ये आली, आणि जुन्या आवृत्तीतल्या बहुतेक स्क्रिप्ट तिच्यात तशाच चालत नाहीत. संदेशाची चौकट दाखवायची साधी ओळ घ्या. जुन्या पद्धतीत आज्ञा, स्वल्पविराम आणि पुढे उघडाच मजकूर. नव्यात मजकुराला अवतरणचिन्हं हवीतच. ती नसतील तर नवी आवृत्ती त्या शब्दांना चलांची (म्हणजे किंमत साठवायच्या जागांची) नावं समजते आणि अडते. यावर उपाय भाषेतच आहे: सुरुवातीला 'रिक्वायर्स'ची ओळ, तिच्यात आवृत्तीचा आकडा. माणूस वर्णन वाचो न वाचो, यंत्र ती ओळ वाचतं. आवृत्ती जुळली नाही, तर स्क्रिप्ट सुरूच होत नाही.

[पडद्यावर: दोन विंडो शेजारी शेजारी. माऊस आपोआप हलतो, बटण सोडून भलत्याच जागी क्लिक होतं.]

दुसरी गोष्ट वर्णनात क्वचितच सापडते, आणि तीच सगळ्यात महत्त्वाची. स्क्रिप्ट बटण कसं शोधते? 'डावीकडून चारशे, वरून दोनशे पिक्सेल' असं, की बटणाला त्याच्या नावाने गाठून? पहिली पद्धत लिहिणाऱ्याच्या स्क्रीनवर झकास चालते. दुसऱ्याच्या स्क्रीनचं रिझोल्यूशन वेगळं असलं किंवा विंडो जराशी सरकली, की 'जतन करा'ऐवजी 'काढून टाका'वरही क्लिक पडू शकतो. थांबण्याचंही तसंच. 'दोन सेकंद थांब' म्हणणारी स्क्रिप्ट संथ संगणकावर विंडो उघडण्याआधीच टाइप करायला लागते, आणि तो मजकूर भलत्याच ठिकाणी जातो. विंडो खरोखर समोर येईपर्यंत थांबणारी स्क्रिप्ट हा घोळ घालत नाही. स्क्रिप्ट यातलं काय करते ते एका वाक्यात सांगता येतं. लोक त्याऐवजी 'अत्यंत वेगवान' लिहितात.

आणि एक्सई फाइल, म्हणजे डबल क्लिक केली की थेट चालणारी. स्क्रिप्टची एक्सई बनवली की लोक 'स्वतंत्र सॉफ्टवेअर' म्हणून वाटतात. प्रत्यक्षात त्या फाइलमध्ये स्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम आणि तुमची स्क्रिप्ट यांची मोट बांधलेली असते. कोड कुलूपबंद होत नाही, माहीतगार तो बाहेर काढू शकतो. त्यात पासवर्ड लिहिला असेल, तर तो वाटल्यातच जमा. शिवाय व्हायरस लिहिणाऱ्यांनीही हेच साधन वापरलेलं असल्यामुळे अँटिव्हायरस कधी कधी निरुपद्रवी फाइललाही अडवतो.

कळा ऐकण्याचा मुद्दाही लपवू नये. तीन अक्षरांचा पत्ता करायचा, तर प्रत्येक कळ ऐकावीच लागते. अलीकडच्या कळांची यादी ऑटोहॉटकी स्वतःच दाखवतं, मूळ सेटिंगला 40 घटनांची. ऐकतं म्हणजे साठवून कुठे पाठवतं असं नव्हे. स्क्रिप्ट काही फाइलमध्ये लिहीत असेल किंवा इंटरनेटवर पाठवत असेल, तर ते पहिल्या दोन ओळींत यायला हवं.

[पडद्यावर: वर्णनाचा मजकूर एकेक ओळ करत उमटतो.]

असं लिहिता येईल: 'ऑटोहॉटकी 2.0 साठी स्क्रिप्ट. कंट्रोल, ऑल्ट आणि एन दाबल्यावर उघड्या फॉर्ममधला बिल क्रमांक उचलते आणि हिशेबाच्या विंडोत भरते. बटणं नावाने शोधते. हिशेबाची विंडो उघडी नसेल, तर काहीही न करता तसं सांगते. फाइलमध्ये काही लिहीत नाही, इंटरनेट वापरत नाही.'

यात कुठेही 'शक्तिशाली' नाही, 'स्मार्ट' नाही. एक ओळ मात्र राहिली आहे, ती सगळ्यात वर टाका: चालू असताना एस्केप दाबलं की स्क्रिप्ट बंद होते. अर्थात, आधी तशी सोय स्क्रिप्टमध्ये करून ठेवा.