दमाळी: समुद्रातला एक प्राणी घडवताना

नमस्कार मंडळी. एक काम करा, आत्ता बसल्या जागी दम रोखून धरा. गाडी चालवत असाल तर राहू द्या, बाकीच्यांनी धरा, आणि मी बोलतेय तोवर बघा छातीत कधी कासावीस व्हायला लागतंय ते. हे आतून ढुसण्या मारल्यासारखं होतं ना, नेमकं तेच मला माझ्या गेममधल्या एका प्राण्यात आणायचं होतं, आज त्याच्याबद्दलच बोलणार आहे. सोडा आता दम.

ज्यांना माहीत नाही त्यांना पटकन सांगते. टेबलटॉप रोलप्लेइंग गेममध्ये चारपाच जण टेबलाभोवती बसतात, प्रत्येकाचं एक कॅरेक्टर असतं, आणि एक जण डीएम, म्हणजे डंजन मास्टर असतो, तो सगळं जग उभं करतो, राक्षस काय नि खलाशी काय, सगळ्यांच्या तोंडून तोच बोलतो, आणि एखादी गोष्ट जमली की फसली ते फासे ठरवतात. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा डंजन्स अँड ड्रॅगन्स आला, तिथून हा प्रकार पसरला. आमच्या ग्रुपची डीएम मी.

तर समुद्रातला जादुई प्राणी म्हटलं की आपण आधी आकारच मोठा करत सुटतो. मीही तेच केलं. जहाजाएवढं धूड, दहा सोंडा, २०० हिट पॉइंट्स (म्हणजे मरायच्या आधी किती मार सोसता येतो त्याचा आकडा), वर विजा पाडायची ताकद. आणि सेशनला काय झालं, तर एकही कॅरेक्टर डेकवरून हललं नाही, तिथूनच बाण मारत बसले सगळे, ते धूड वर आलं, मार खाल्ला आणि मेलं. तोच प्राणी डोंगरात नेऊन ठेवला असता तरी काही फरक पडला नसता, समुद्राचा काही संबंधच आला नाही. दोन आठवडे खपून बनवला होता, खूप लागलं मनाला.

मग नियम पुन्हा वाचायला घेतले. पाचव्या आवृत्तीत, म्हणजे २०१४ च्या पुस्तकात, पाण्याखाली तुमचं कॅरेक्टर १ अधिक कॉन्स्टिट्यूशन मॉडिफायर, म्हणजे त्याच्या शरीराच्या काटकपणाचा आकडा, इतकी मिनिटं दम धरू शकतं. मॉडिफायर २ असेल तर ३ मिनिटं. आणि लढाईतला एक राउंड असतो ६ सेकंदांचा. करा हिशोब, ३ मिनिटं म्हणजे ३० राउंड! आमची लढाई चारपाच राउंडमध्ये आटपते. म्हणजे नियमानं खेळलं तर दम संपायच्या आत लढाई संपते, बुडून मरायची जी भीती, पाण्याची सगळ्यात मोठी भीती, ती टेबलावर येतच नाही. हे लक्षात आलं आणि मला माझा प्राणी सापडला. त्यानं हिट पॉइंट्स खायचेच नाहीत, दम खायचा.

आता तो दिसतो कसा. समुद्रात सायफोनोफोर नावाचा जीव खरोखर आहे, लांबून एक लोंबती दोरी वाटते, पण ती असते एकमेकांना चिकटलेल्या कितीतरी छोट्या छोट्या जीवांची माळ. माझा प्राणी तसाच, फक्त प्रत्येक मण्याच्या जागी एक पारदर्शक पिशवी, आणि त्या पिशवीत एकेका बुडालेल्या माणसाचा शेवटचा श्वास, बुडबुडा होऊन राहिलेला, त्याच्या शेवटच्या शब्दांसकट. गेममधले खलाशी तिला दमाळी म्हणतात. (नाव नेहमी अशाच लोकांच्या तोंडून यावं असं मला वाटतं, ज्यांना तिची भीती वाटते त्यांच्या.)

आणि इथे समुद्रच मदतीला आला. दर १० मीटर खोलीला पाण्याचा दाब साधारण एका वातावरणानं वाढतो, त्यामुळे ९० मीटरवर हवेचा बुडबुडा पृष्ठभागावरच्या मानानं दहाव्या हिश्शाचा होतो. दमाळी तिथे राहते. ती वर यायला लागली की बुडबुडे फुगत जातात, आवाज मोठे होत जातात, म्हणून जहाजावरच्या लोकांना ती दिसायच्या आधी ऐकू येते, पाण्याखालून माणसं बोलताहेत असं. पण पार वर ती येऊच शकत नाही, पिशव्या फुटतील आणि तिनं जपलेलं सगळं जाईल. झालं, डेकवरून बाण मारायचा प्रश्नच मिटला, भेटायचं तर खाली उतरावं लागणार!

स्टॅट ब्लॉक, म्हणजे तिचे आकडे आणि नियम लिहिलेला तक्ता, मी तीनदा बदलला. पहिल्यांदा तिच्या एका स्पर्शात सगळाच दम जायचा, त्यात एक फासा वाईट पडला की खेळ खलास, त्यात काय मजा. आता स्पर्श झाला की कॉन्स्टिट्यूशन सेव्ह, म्हणजे काटकपणावर वाचायला टाकलेला फासा, चुकला तर दमातलं एक मिनिट गेलं, आणि तो श्वास तिच्या नव्या पिशवीत दिसायला लागतो. दम संपला की मॉडिफायर इतके राउंड, कमीत कमी एक, आणि मग शून्य हिट पॉइंट्स, हा पुस्तकातलाच नियम. मंत्र म्हटला तर अर्धं मिनिट कमी, हा आमच्या टेबलाचा. लांब तलवार पाण्यात नीट चालत नाही, भाला त्रिशूळ चालतात, आग अर्धीच लागते, ते तसंच ठेवलं. मला सगळ्यात आवडतो तो शेवटचा नियम. पिशवीला तोंड लावून तुम्ही तो श्वास ओढून घेऊ शकता, एक मिनिट परत मिळतं, पण तो माणूस तेव्हा पुसला जातो, त्याचे शब्द ऐकणारे शेवटचे तुम्हीच.

त्यासाठी मी १२ चिठ्ठ्या लिहून ठेवल्या होत्या. त्या रात्री आमच्या फायटरकडे, म्हणजे लढवय्या कॅरेक्टर खेळणाऱ्याकडे, एकच मिनिट उरलेलं, हातात त्रिशूळ, समोर पिशवी. त्यानं विचारलं, आत कोण आहे? मी चिठ्ठी सरकवली. त्यावर एवढंच होतं, 'तू दोर सोड, मी धरलाय.' त्यानं ती दोनदा वाचली, बाकीचे गप्प. मग म्हणाला, मी श्वास घेत नाही, त्रिशूळ खाली करतो, आणि हिला विचारतो की दोराच्या दुसऱ्या टोकाला कोण होतं.